अर्धा कोयता

मला गाडी चालवता येत नाही, ही गोष्ट कतारमधल्या दुखानच्या आमच्या कॉलनीत लहान पोरांनाही ठाऊक आहे. तीनदा लायसन्सची परीक्षा दिली. तिन्ही वेळा परीक्षकाने मला उतरवताना कपाळाला हात लावला. तिसऱ्या वेळी मीही लावला. इथे प्रत्येक घरापुढे दोन-दोन गाड्या उभ्या असतात आणि कॉलनीच्या कुंपणाबाहेर वाळू सोडली तर काही नाही. त्यामुळे गाडी न चालवणारी बाई म्हणजे घरात कोंडलेली बाई. माझा नवरा विजय तेलाच्या फील्डवर इंजिनिअर आहे. मोठी दुरुस्ती निघाली, म्हणजे ज्याला हे लोक शटडाऊन म्हणतात ते, की त्याचा आठवडेच्या आठवडे तिकडे मुक्काम. मुलगा शौनक परदेशात शिकतो. फोनवर मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोघांनाही सगळं समजलं असं धरून आम्ही फोन ठेवतो.

म्हणून मला बायकांच्या बसचं फार महत्त्व. आठवड्यातून काही दिवस सकाळी ही बस क्लबहाउसपासून निघते, आम्हाला दोह्याला मॉलमध्ये सोडते आणि संध्याकाळी परत आणते. ती चालवायचे निवृत्ती बांगर. उंच, वाळलेले, पन्नाशीला टेकलेले, शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेले. पहिले कित्येक महिने मला ते कुठले हे माहीतच नव्हतं, कारण बसमध्ये ते हिंदीत बोलायचे आणि तेही मोजून दोन वाक्यं, ‘बैठो मॅडम’ आणि ‘उतरो मॅडम’. मग एक दिवस दोह्यातल्या एका चौकात कुणीतरी पांढरी गाडी आडवी घातली आणि ते पुटपुटले, “आरं तुझ्या मायला तुझ्या.” मी एवढ्या जोरात हसले की शेजारची हैदराबादची फरजाना दचकली.

“क्या बोला ड्रायवर ने?” तिने विचारलं.

“कुछ नहीं,” मी म्हटलं, “हमारे गाँव की दुआ है.”

त्या दिवसापासून मी ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसायला लागले. मॅडमची ताई झाले आणि ते निवृत्तीभाऊ झाले. बीड जिल्ह्यातले, पाटोद्याकडचे. वीसेक वर्षं झाली कतारला येऊन. राहायला बरवा अल बराहा, कामगारांची ती भली मोठी वसाहत आहे तिथे, एका खोलीत चार पलंग, त्यातला एक यांचा. पहाटे तिथून रिकामी बस घेऊन दुखानला यायचं आणि रात्री आम्हाला सोडून रिकामी बस घेऊन परत जायचं. मी एकदा म्हटलं, एवढा रस्ता एकटे जाता, रेडिओ तरी लावत जा. ते म्हणाले, “लावून बगितला. रेडिओ लावला की बस जास्तच रिकामी वाटती.”

आता सिनेमाचं सांगते. आमच्या क्लबची एक फिल्म कमिटी आहे आणि मी तिची सभासद आहे. याचं कारण मला सिनेमातलं कळतं हे नसून खुर्च्या मांडायला कुणीतरी लागतं, हे आहे. कमिटीचा कर्ताधर्ता जियाद. जॉर्डनचा, विजयच्याच खात्यात. त्याला जुन्या अमेरिकन घोडेस्वारांच्या सिनेमांचं भलतं वेड. थंडी सुरू झाली की क्लबच्या हिरवळीवर पडदा लावायचा आणि लोकांना ते सिनेमे दाखवायचे, हा त्याचा दरवर्षीचा हट्ट. गेल्या हिवाळ्यात त्याने कुठून तरी शंभरीला टेकलेला एक काळापांढरा सिनेमा पैदा केला. त्याचं नाव मी तेव्हाच विसरले. सिनेमांना नुकता कुठे आवाज फुटला होता त्या काळातला. सुरू करण्याआधी जियादने भाषण ठोकलं की तेव्हा माइक कुठे लपवावा हेच कुणाला कळत नसे, म्हणून नट एका जागी उभे राहून ओरडतात, त्यांना समजून घ्या. समजून घेण्यासारखंच होतं सगळं. माणसांच्या बोलण्यापेक्षा चाकांची करकर मोठी.

गोष्ट साधी. वर पांढरं कापड ताणलेल्या बैलगाड्यांचा एक लांबच लांब तांडा पश्चिमेकडे निघतो. तिकडे मोकळी जमीन आहे, ती घ्यायची आणि घर बांधायचं. ती जमीन आधी कुणाची होती हे विचारायची पद्धत तेव्हाच्या सिनेमात नव्हती. वाटेत नदी, बर्फ, वाळवंट, भांडणं, एक बाळंतपण, दोन मरणं. अर्ध्या तासात पोरं मोबाइल घेऊन पांगली. मग त्यांच्या आया थंडीचं निमित्त करून उठल्या. फरजाना जाता जाता माझ्या कानात म्हणाली, “यल्ला, मैं चली, ये बैल तो पहुँचते ही नहीं.” शेवटी एवढ्या खुर्च्यांत जियाद, मी आणि निवृत्तीभाऊ उरलो. निवृत्तीभाऊ आधी मेंदीच्या कुंपणापाशी उभे होते. क्लबच्या आचाऱ्यांना दोह्याला न्यायला ते थांबले होते.

सुरुवातीला एक प्रसंग होता. तांड्याचा म्होरक्या एका पिंपावर बसलाय आणि एकेक कुटुंब त्याच्यापुढे येऊन उभं राहतंय. नवरा, बायको, पोरं, गाडी, बैल. म्होरक्या सगळ्यांना वरून खालपर्यंत बघतो आणि मान हलवतो, की झाली यांची भरती. मग एक एकटा माणूस येतो. पाठीवर बंदूक, हातात टोपी. म्होरक्या नको म्हणतो. तो गयावया करतो. शेवटी त्याला एका विधवेच्या गाडीवर गाडीवान म्हणून बसवतात. इथे कुंपणाकडून मोठ्याने हसल्याचा आवाज आला. मी त्यांना हाताने बोलावलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

“ताई, हा तर मुकादम!” ते म्हणाले. “आमचा मुकादम असाच बसायचा. पिपावर न्हाई, बाजेवर.”

“कसला मुकादम?”

“ऊसतोडीचा. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम मानसं धरत न्हाई, कोयते धरतो. गडी तोडतो, बाई मोळ्या बांधती अन् डोक्यावर वाहून गाडीत टाकती. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. त्याला कुनी घेत न्हाई.”

“मग एकट्याने काय करायचं?”

“दुसरा अर्धा हुडकायचा. भन, भावजय, पुतनी, जी मिळंल ती. न्हाईच मिळाली तर घरी बसायचं.” थोडं थांबून म्हणाले, “न्हाईतर कतारला यायचं.” आणि स्वतःच हसले.

पण पुढे ते हसले नाहीत. सिनेमात वाळवंट आलं तेव्हा बैल थकले, गाड्या हलक्या करायचा हुकूम सुटला. लोक सामान रस्त्याच्या कडेला टाकायला लागले. एका बाईने एक लाकडी पाळणा उतरवून वाळूवर ठेवला आणि त्याच्याकडे न बघता गाडीच्या चाकाशेजारून चालायला लागली. वरून नवऱ्याने हात खाली केला. तिने तो धरला नाही, पण हात तसाच राहिला आणि ती त्या हाताच्या सावलीतून चालत राहिली. मला ते जरा नाटकी वाटलं. मी शेजारी बघितलं तर निवृत्तीभाऊ डोळे पुसत होते. लपवायचासुद्धा प्रयत्न नाही.

“बाया संगं हायेत, ताई,” ते म्हणाले. “एवढे हाल हायेत, पर बाया संगं हायेत.”

त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये मला त्यांचं सगळं आयुष्य ऐकायला मिळालं. त्याआधी इतक्या महिन्यांत त्यांनी मला पाऊसपाण्यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. त्या गाड्यांनी काय केलं कोण जाणे. दुखानच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना काही नसतं. दूर कुठेतरी तेलविहिरीवरची वायूची ज्योत जळत असते आणि एखादा उंट असतो. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दुसरं बघायला काही नाही.

त्यांचं लग्न दसऱ्यानंतर झालं आणि अंगाची हळद निघायच्या आत नवरा-बायको गाडीवर बसून कारखान्याकडे निघाले. दुर्गा तिचं नाव. गाव मागे पडलं तशी ती रडायला लागली आणि ओढा ओलांडताना गाडी कलंडली तेव्हा एकदम हसायला लागली. निवृत्तीभाऊ हे सांगताना रस्त्यावरची नजर काढून आरशात माझ्याकडे बघायचे, मला ते खरं वाटतंय ना हे पाहायला. उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी बांधायची, म्हणजे वाकून आत शिरावं लागेल एवढीच झोपडी. अंधारात उठायचं, अंधार पडेपर्यंत तोडायचं. मोनाली, त्यांची मुलगी, अशाच एका कोपीत जन्मली. बाळंतीण होऊन आठवडा व्हायच्या आत दुर्गा पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहिली, आणि त्या दिवशी निवृत्तीभाऊंनी मनाशी ठरवलं की ही बाई कोयत्याला पुन्हा हात लावणार नाही. मग ट्रॅक्टर शिकले, मग ट्रक, मग एजंट, मग विमान. गावात स्लॅबचं घर बांधलं, आत फरशी बसवली, फ्रीज घेतला. आई, लक्ष्मीबाई, त्या घरात सुखाने गेल्या. मोनाली पुण्यात नर्सिंगला आहे.

“अन् दुर्गाबाई?” मी विचारलं.

“ती घरी असती की,” ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांची मान ताठ झाली. “तिनं कोयता टाकला तो टाकला.”

त्यांची सुट्टी दर दोन वर्षांनी, आणि नेहमी उन्हाळ्यात. कारण सरळ होतं. शाळा सुटल्या की कॉलनीतल्या बायका आपापल्या देशी जातात, बस रिकामी उभी राहते, म्हणून कंपनी ड्रायव्हरला तेव्हाच सोडते. दरवेळी ते घरी जायचे तेव्हा दुर्गा दारात उभी असायची. बाकीची वर्षं रात्रीचा फोन. जेवलीस का, जेवले. पोरगी बरी आहे का, बरी आहे. तिला कॅमेरा लावून बोलायला लाज वाटते असं ते कौतुकाने सांगायचे.

डिसेंबरात त्यांच्या सुपरवायझरने विचारलं की करार संपतोय, अजून दोन वर्षं थांबणार का, महिनाअखेरपर्यंत सांग. एरवी ते मान हलवून मोकळे व्हायचे. या वेळी सांगितलं नाही. मला म्हणाले, “ताई, तो सिनेमा बगितल्यापासून झोप न्हाई. ती मानसं एवढी धूळ खात गेली, पर पोचली तवा दोघं दोघं पोचली. मी काय एकट्यानंच पोचायचं? बास झालं. खलास. घरी जातो.”

मला इतका आनंद झाला की मी घरी येऊन विजयला फोनवर सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “मग बसला ड्रायव्हर कोण?” इंजिनिअर माणूस, दुसरं काय सुचणार.

आणि मग तो मंगळवार आला. बस मॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये उभी होती, बायका आत गेल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे लवकर परत येऊन माझ्या जागेवर बसले होते. निवृत्तीभाऊंनी फोन स्टँडला लावला होता, स्पीकर चालू. “आजच सांगून टाकतो तिला,” ते म्हणाले. “रात्रीपातूर दम निघंना.” दुपारच्या वेळी त्यांनी आजवर घरी फोन केला नव्हता. मी उतरायला उठले तर म्हणाले, बसा की ताई, तुमच्यापासून काय लपवायचं. मी बसले. बसायला नको होतं.

“आवं, आता कामून फोन केला? बरं हाय ना?” दुर्गाबाईंचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. चढा, थोडा धापा टाकणारा.

“बरं हाय. तुला एक सांगायचं व्हतं.”

मागून कसलातरी आवाज येत होता. खस, खस, खस, थांबून पुन्हा खस. मला तो कळला नाही. निवृत्तीभाऊंचा हात स्टिअरिंगवर होता तिथेच राहिला. मग एक पुरुषाचा आवाज आला, “दुर्गे, मोळी बांध की, गाडी लागली!”

“कोन हाय त्यो?”

“किसन हाय.”

किसन म्हणजे दुर्गाबाईंचा भाऊ. हे निवृत्तीभाऊंनी मला आधी सांगितलं होतं, तो अजून ऊसतोडीला जातो म्हणून.

“तू कुठं हाईस?”

पलीकडून फक्त तो आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “फडावर.”

मी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागले. पर्समध्ये काही नव्हतं.

“कवापासून?” त्यांनी विचारलं.

“मोनाली नर्सिंगला गेली त्याच्या फुडल्या सालापासून. तुमच्या आई तर मोनाली जायच्या आदल्याच साली गेल्या ना.”

“अन् मला म्हनायचीस घरी हाय.”

“तुमी इचारायचे जेवलीस का. म्या म्हनायची जेवले. घरी हाय असं म्या कवा म्हनले?”

“मग म्या हितं उन्हात कशापायी मरतोय?” त्यांचा आवाज चढला. “तुझ्या हातात कोयता नको म्हनून ना? काय कमी पडलं तुला?”

“कमी काय न्हाई पडलं,” ती म्हणाली. भांडत नव्हती. “फ्रीज हाय, टीव्ही हाय, फरशी हाय. पर दिवाळी झाली का समदा गाव गाड्यात बसून जातो. मागं म्हातारी मानसं अन् कुत्री. तुमी आपल्या गावचा हिवाळा बगून किती साल झाले? पयल्या साली म्या ऱ्हायले. दिस दिस कुनाशी बोलनं न्हाई. एक दिवस म्या फ्रीजला म्हनले, का रे बाबा, बंद का झालास. अन् त्यो काय बोलतो म्हनून वाट बगत उभी ऱ्हायले. तवा माझं मला भ्या वाटलं. फुडल्या साली किसनची बायको वारली. त्याचा बी अर्धा कोयता झाला व्हता. मुकादमानं आमा भन-भावाला एक धरलं.”

किसन पुन्हा ओरडला. ती त्याला म्हणाली, आले. मग फोनमध्ये म्हणाली, “तुमाला काय सांगायचं व्हतं?”

“काय न्हाई,” निवृत्तीभाऊ म्हणाले. “काम कर तू.”

फोन बंद झाल्यावर त्यांनी बस सुरू केली. दार उघडंच होतं आणि बायका अजून आत होत्या. मी म्हटलं, निवृत्तीभाऊ, अजून कुणी आलं नाही. त्यांनी बस बंद केली. त्या संध्याकाळी दुखान येईपर्यंत मी त्यांच्या मागेच बसले होते. सगळ्यांत वाईट वाटत होतं ते त्यांच्या मानेकडे बघून. ती ताठ मान एका फोनात वाकली होती.

पुढच्या फेरीला म्हणाले, “सांगनार हाय सुपरवायझरला. थांबतो अजून दोन वर्षं.”

मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि आला की मी माणूस कोण ते बघत नाही. “म्हणजे ती घरात बसून झुरली असती तर तुम्ही गेला असतात,” मी म्हटलं. “ती चार माणसांत जाऊन राहिली म्हणून तिला ही शिक्षा का?”

“शिक्षा न्हाई ताई. जाऊ कुठं? घराला कुलूप. मी एकटा कुलूप काढून आत बसू?”

“फडावर जा.”

“तितं माझं काय? किसन हाय. कोयता पुरा हाय तिचा. तिथं मी तिसरा. अन् वीस वर्षं बसून गाडी चालिवलेली पाठ, ती काय आता वाकती का?” मग जरा कडवट आवाजात म्हणाले, “मानसांत जायला कोयताच लागतो व्हय? देवळात बसायचं, शेजारनीकडं जायचं. तुमी बी एकट्याच असता की. सायेब नसत्यात तवा तुमी काय करता?”

बसमध्ये मागे फरजाना आणि दोघी-तिघी झोपल्या होत्या. मी काहीतरी वाचते, बागेत काम करते असं सांगता आलं असतं. पण त्यांनी विचारलं होतं ते खरंच विचारलं होतं.

“मी तुमच्या बसमध्ये बसते,” मी म्हटलं.

“म्हंजे?”

“मला दोह्यात काही घ्यायचं नसतं, निवृत्तीभाऊ. मी मॉलमध्ये एक चक्कर मारते आणि परत येऊन बसते. घरात थांबलं की भिंती अंगावर येतात. बसमध्ये फरजाना असते, तुम्ही असता. म्हणून येते.”

हे मी विजयला कधी सांगितलं नाही. शौनकला तर सांगायचा प्रश्नच नाही. म्हणजे काय लपवून ठेवलं होतं असंही नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

निवृत्तीभाऊ म्हणाले, “मला वाटायचं ताईला काय पसंतच पडत न्हाई. दर फेरीला जाती अन् रिकाम्या हातानं येती. खोलीत पोरांना सांगायचो, लई चोखंदळ बाई हाय.”

मी हसले. तेही हसले. मग त्यांना हसू आवरेना आणि हसता हसताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी बस कडेला घेतली, थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. फरजाना जागी होऊन म्हणाली, “क्या हुआ? पंक्चर?” मी म्हटलं, हाँ, वैसा ही कुछ. पाच-दहा मिनिटांनी बस पुन्हा चालू लागली.

महिनाअखेरीला त्यांनी सुपरवायझरला नाही म्हणून सांगितलं. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं, तेही असंच, दार उघडताना, की आज ऊन बरंय, अन् ताई, मी नाही म्हणून सांगून आलो.

नोटिशीचे दिवस भरेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. फरजानाने खजुराचे डबे दिले, जियादने कॉफीचा थर्मास दिला. मी एक जाड जाकीट दिलं, फडावरच्या थंडीसाठी. ते त्यांनी लगेच अंगात घातलं आणि दुपारच्या उन्हात तसेच उभे राहिले, माझं मन राखायला. निघताना म्हणाले, “येतो ताई. इन्शाल्ला भेटू.” आम्ही दोघंही जाणून होतो की भेटणार नाही. मी घरी आले आणि खूप रडले. ड्रायव्हर गेला म्हणून एवढं कोणी रडतं का, असं स्वतःला म्हटलं, तरी रडले.

नव्या ड्रायव्हरचं नाव विजयकुमार. केरळचा. चांगला आहे, वेळेवर येतो, सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणतो. मी आता मागे फरजानाशेजारी बसते.

मार्च लागता लागता एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता आणि लांब कुठेतरी बैलांच्या गळ्यातली घुंगरं. फडाच्या जवळच तळ आहे, तिथे कोपीबाहेर बसलोय, म्हणाले. पहिल्या दिवशी दुर्गा आणि किसनबरोबर तोडायला गेले. दुसऱ्या दिवशी पाठ धरली. तिसऱ्या दिवशी हाताला फोड आले तेव्हा दुर्गाने काही न बोलता हातातून कोयता काढून घेतला.

“मग आता काय करता?” मी विचारलं.

“कोपीत असतो. ती दोघं अंधारात जात्यात. मी पानी भरतो, सरपन आनतो, तिघांच्या भाकरी करतो. जाड व्हत्यात, पर खात्यात. गडी मानूस कोपीत बसून भाकरी थापतो म्हनून तळावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत्यात. हसू द्या. पर ताई, दुपार लई लांब असती हो. समदा तळ रिकामा. दोन-चार म्हाताऱ्या, त्या बी झोपलेल्या.”

“पस्तावताय का?”

“न्हाई,” ते म्हणाले. “पर एकट्यानं वाट बगत बसनं काय असतंय, ते मला कुनी सांगून कळलं नसतं. मी म्हनायचो, मी एकटा हाय, मी एकटा हाय. ती बी तिकडं एकटीच व्हती, ते मी कवा धरलंच न्हाई.”

“ती काय म्हणते? बोलता का दोघं?”

“काय बोलनार? दमून येती. भाकर खाती अन् आडवी व्हती. बोलनं जास्त व्हत न्हाई आमचं.” वारा वाढला आणि त्यांचा आवाज मध्येच गेला, मग पुन्हा आला. “पर झोपायच्या आदी एकडाव मान वर करून बगती. हाय का न्हाई म्हनून.”

मी म्हटलं, जाकीट वापरता का? हो म्हणाले, ते दुर्गा घालते.

“ठेवतो ताई,” ते घाईने म्हणाले. “गाड्या दिसाया लागल्या. पानी तापवाया ठेवायचंय.”